गेडीसांचे नगरवृत्तांत : एक परीक्षण

पॅट्रिक गेडीस यांनीं हिंदुस्थानांतील शहरांविषयीं जें लिहिलें, तें आज बहुतेकांस एकाच पुस्तकावरून ठाऊक आहे. इ. स. १९४७ त लंडन येथें जॅकेलिन टिरिट या विदुषींनीं गेडीसांच्या वृत्तांतांतून निवडक उतारे काढून 'पॅट्रिक गेडीस इन इंडिया' या नांवानें ते प्रसिद्ध केले. ग्रंथ आटोपशीर आहे. ल्युइस ममफर्ड यांच्यासारख्या मान्यवराची प्रस्तावना त्यास लाभली आहे. आणि मूळ वृत्तांत दुर्मिळ असल्यामुळें या निवडीचे उपकार मानलेच पाहिजेत. तथापि कालिदास केवळ सुभाषितसंग्रहावरून ओळखणाऱ्याची जी गत, तीच या ग्रंथावर विसंबणाऱ्याची होते. श्लोक हातीं येतो, सर्ग हातीं येत नाहीं. उतारा कोणत्या शहरांतल्या कोणत्या आळीसाठीं लिहिला होता, त्याच्या शेजारीं कोणता नकाशा होता, त्याच्या आधीं कोणत्या तक्रारीचें उत्तर दिलें होतें, हें सर्व गळून पडतें, आणि मागें राहतो तो एक सुटा सिद्धान्त. आळी पाहिल्याशिवाय सिद्धान्त सांगूं नये, असें आयुष्यभर बजावणाऱ्या ग्रंथकाराची ही विटंबनाच म्हणावयाची. आज नगररचनेच्या व्याख्यानांतून गेडीसांचें नांव आरंभीं घेतात व पुढें विसरतात, यास ही सुभाषितवृत्ति बरीचशी कारण आहे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

या त्रैमासिकाचे वाचक पोथ्या, सनदा आणि शिलालेख यांचे उपासक; त्यांस नगररचनेचें काय प्रयोजन, अशी शंका येईल. उत्तर असें कीं, गेडीसांचे वृत्तांत हीं आतां आपल्याच शास्त्राचीं साधनें झालीं आहेत. १९१५ च्या सुमारास आपलीं जुनीं शहरें कशीं होतीं, कोठें कोणता तलाव होता, कोणत्या बोळाच्या तोंडाशीं पिंपळाचा पार होता, याची डोळ्यांनीं पाहून केलेली नोंद तींत आहे. नोंद करणारा परका, परंतु दृष्टीनें विलक्षण सावध. शिवाय प्रस्तुत लेखक ज्या बुलढाणा जिल्ह्यांत राहतो तो जिल्हा ज्या वऱ्हाडांत मोडतो, तें वऱ्हाड त्या वेळीं मध्यप्रांतास जोडलेलें होतें. आणि त्या प्रांताच्या राजधानीचा, म्हणजे नागपूरचा, वृत्तांत गेडीसांनीं १९१५ त लिहिला. आमच्या दारापासून फार लांबची ही गोष्ट नव्हे.

गेडीसांचें चरित्र येथें थोडक्यांतच पुरे. जन्म १८५४, स्कॉटलंडांत, विद्या जीवशास्त्राची, डंडी येथें वनस्पतिशास्त्राचें अध्यापन. एडिंबरोच्या जुन्या, पडक्या वस्तींत त्यांनीं पत्नीसह स्वतः बिऱ्हाड केलें आणि घरें एकामागून एक दुरुस्त करून त्या वस्तीस जीव आणला. १९१४ त ते इकडे निघाले तेव्हां त्यांचें नगरविषयक प्रदर्शन, नकाशे व चित्रें यांसह, ज्या जहाजावर होतें तें जर्मनांच्या 'एम्डेन' नौकेनें बुडविलें. वीस वर्षांचा संग्रह गेला. संग्राहकांस या वाक्याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. मित्रांच्या साह्यानें नवा संग्रह जमवून त्यांनीं १९१५ च्या आरंभीं मद्रासेस प्रदर्शन मांडलेंच. पुढें मद्रास इलाख्यांतील गांवें, मुंबई इलाख्यांतील ठाणें, वांद्रें आदि शहरें, नागपूर, बडोदें, जबलपूर, बलरामपूर, डाका, इंदूर असा त्यांचा प्रवास झाला. १९१७ त त्यांचा मुलगा फ्रान्सच्या रणांगणावर पडला आणि त्याच वर्षीं पत्नी हिंदुस्थानांत वारली. १९१९ पासून १९२४ पर्यंत ते मुंबई विश्वविद्यालयांत समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे प्राध्यापक होते. १९३२ त फ्रान्समध्यें मोंपेलिए येथें त्यांचें देहावसान झालें.

आतां त्यांच्या पद्धतीकडे वळूं. गेडीसांचा मुख्य आग्रह असा कीं, आधीं निदान, मग चिकित्सा. आमच्या वैद्यकाच्या अभ्यासकांस यांत नवल वाटणार नाहीं. माधवकरानें निदानाचा स्वतंत्र ग्रंथच रचला. परंतु त्या काळच्या म्युनिसिपालट्यांचा शिरस्ता उलटा होता. नकाशावर पट्टी ठेवावयाची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ मारावयाची आणि रेघेखालीं येतील तीं घरें पाडावयाचीं. मुंबईस १८९६ त प्लेगाचा शिरकाव झाला, १८९८ त सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला, आणि दाट वस्ती पाडणें म्हणजेच आरोग्य, अशी समजूत सरकारदरबारीं रूढ झाली. पाडलेल्या घरांतली माणसें शेजारच्या आळींत कोंबलीं जातात व तेथें नवी दाटी होते, हें गेडीसांनीं पुनःपुन्हा दाखविलें. त्यांची रीत अशी: नकाशा हातांत घेऊन प्रत्येक बोळांतून पायीं जावयाचें, कोणतें घर खरोखर मोडकळीस आलें आहे, कोणतें डागडुजीनें टिकेल, कोणती जागा आधींच मोकळी आहे, हें टिपावयाचें, मोडकीं दोन-चार घरें काढून मिळेल त्या अंगणास झाड लावावयाचें, देऊळ व पार ठेवावयाचे, आणि बोळ एका ठिकाणीं रुंद, एका ठिकाणीं अरुंद राहिला तरी त्याची लाज धरावयाची नाहीं. या रीतीस ते राखणारी शस्त्रक्रिया म्हणत. तंजावरास व इतरत्र त्यांनीं सरकारी इंजिनियरांच्या योजनेशेजारीं आपली योजना मांडून, आपल्या रीतीनें खर्चही किती कमी लागतो, हें आंकड्यांनीं दाखविलें.

ही रीत वाचीत असतां संस्कृताच्या जुन्या विद्यार्थ्यास एक गोष्ट आठवल्याखेरीज राहत नाहीं. गेडीस मुंबईस प्राध्यापक झाले त्याच १९१९ त पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीच्या कार्यास आरंभ झाला. पुढें डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं आदिपर्वाच्या उपोद्घातांत, १९३३ त, जो दंडक स्पष्ट केला, त्याचा आशय हाच: पोथ्या जें सांगतात तें आधीं ऐका, पाठ कठीण वाटला म्हणून आपल्या बुद्धीनें सुधारूं नका, अगदीं गत्यंतर नसेल तेथेंच हात घाला. शहरासंबंधानें गेडीस याहून वेगळें काय सांगत होते? वांकडा बोळ म्हणजे त्यांच्या लेखीं लेखकाचा प्रमाद नव्हता. तो दुर्घट पाठ होता आणि त्यास कांहीं कारण असलें पाहिजे, असें धरून ते चालत. बहुधा तें कारण सांपडेही: जुन्या ओढ्याचें पात्र, तटाची रेषा, एखाद्या देवळाची प्रदक्षिणा. या दोघांचा एकमेकांशीं कांहीं संबंध होता असें येथें सुचवावयाचें नाहीं. परंतु मुंबई-पुण्याच्या एवढ्याशा अंतरांत एकाच काळीं हे दोन उद्योग चालावे, आणि पोथीचा दंडक आपण स्वीकारावा, शहराचा मात्र वाऱ्यावर सोडावा, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

एवढी स्तुति झाल्यावर दोषांकडे वळणें प्राप्त आहे, आणि ते किरकोळ नाहींत.

पहिला दोष पुराव्याचा. इंदूरचा वृत्तांत, जो १९१८ त दोन भागांत निघाला, तो गेडीसांच्या सर्व वृत्तांतांत विस्तृत. खान आणि सरस्वती या नद्यांचे कांठ, जुनें इंदूर, राजवाड्याभोंवतालच्या पेठा, गटारांचा प्रश्न, इतकेंच काय, भावी विश्वविद्यालयाची कल्पनाही त्यांत आहे. शहर मराठ्यांचें, मल्हाररावांपासून ज्या घराण्याचा इतिहास आपण कागदोपत्रीं जाणतों त्याचें, १८१८ त मंदसोरच्या तहानंतर राजधानीचा मान त्यास मिळाला. अशा शहराची पेठ न् पेठ कोणी, केव्हां, कोणत्या कौलानें वसविली, हें मोडी दप्तरांत सांपडावयाचें. गेडीसांस मोडी येत नव्हती, मराठीही येत नव्हती. त्यांनीं शहर डोळ्यांनीं वाचलें, आणि अप्रतिम वाचलें. पण समासांतल्या टीपा त्यांस लागल्या नाहींत. जेथें जमिनीचा उतार बोलतो तेथें त्यांचा तर्क सहसा चुकत नाहीं. जेथें मनुष्याचा हुकूम बोलतो, म्हणजे अमुक बाजार अमक्या सरदारास जकात माफ करून दिला म्हणून येथें बसला, अशा ठिकाणीं मात्र ते 'परंपरा', 'जीवन', 'विकास' असे मोठाले शब्द वापरून पुढें सरकतात. वासुदेव वामन ठाकूर यांनीं होळकरशाहीचीं साधनें छापलीं तीं यानंतर पुष्कळ वर्षांनीं. तेव्हां सर्व दोष गेडीसांचा नव्हे. परंतु दरबारचे आश्रित असतां एखादा दप्तरी कारकून शेजारीं बसवून घेणें अशक्य नव्हतें.

याच इंदूरची दिवाळीची गोष्ट फार प्रसिद्ध आहे. १९१७ त शहरांत प्लेग व हिवताप. गेडीसांनीं दरबाराकडून एक दिवसाचें राजेपण मागून घेतलें आणि नेहमींच्या मार्गानें मिरवणूक न नेतां, ज्या वस्तींत घरें व रस्ते अधिक स्वच्छ होतील त्या वस्तींतून ती जाईल, अशी दवंडी पिटविली. लोकांनीं घरें झाडलीं, रंगविलीं, उंदीर मारले, कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या बाहेर गेल्या. मिरवणुकींत लक्ष्मी होती, रोगराईचे राक्षस होते, प्लेगाचा प्रचंड उंदीर होता. आणि नवीं वस्त्रें, फुलें घालून सफाईचे कामगार मानानें चालले होते. शेवटीं राक्षसांचें दहन झालें. गोष्ट सुंदर आहे, आणि प्रस्तुत लेखकास ती खोटी वाटत नाहीं. परंतु ती आपणांस मिळते कोठून? गेडीसांच्याच तोंडून, अमेलिया डिफ्रीज या त्यांच्या शिष्येनें १९२७ त प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांतून. नायकानें सांगितलेली, भक्तानें उतरून घेतलेली, दहा वर्षांनंतरची हकीकत. बखरीस आपण जी कसोटी लावतों तीच येथें लावली पाहिजे. मिरवणुकीनंतर प्लेग ओसरला हें सांगतांना, प्लेग दरवर्षीं ऋतुमानानेंही ओसरे, हें विसरतां कामा नये. होळकर दरबारच्या त्या सालच्या कागदांत खर्चाच्या रकमा, मार्गाची आज्ञा, दवंडीचा मसुदा यांपैकीं एक जरी कागद पुढें आला तरी या गोष्टीचें वजन दसपट वाढेल. इंदुरांतील अभ्यासकांनीं हें काम अंगावर घ्यावें.

दुसरा दोष अधिक खोल आहे आणि तो पाण्यासंबंधीं आहे. गेडीसांचा तलावांविषयींचा विचार त्यांच्या सर्व कामांत मला अधिक प्रिय. डांस होतात म्हणून तलाव बुजवा, असें आरोग्यखातें म्हणे. ठाण्याच्या तलावांबद्दल लिहितांना त्यांनीं उलट सांगितलें: तलावांत मासे व बदकें सोडा, तीं डांसांच्या अळ्या खातील, तलावानें हवा थंड राहते, नळाचें पाणी कधीं ना कधीं बंद पडेल, त्या दिवशीं जुन्या विहिरी व तलाव हाच ठेवा उपयोगीं येईल. शंभर वर्षांनंतर याचा प्रत्येक शब्द खरा ठरला आहे. प्रस्तुत लेखकाच्या लहानपणच्या पेठेंत एक बारव होती. नळ आला त्या सालीं तींत केर टाकावयास आरंभ झाला. आज तेथें गाड्या उभ्या करतात आणि उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात.

परंतु तलावाचें वर्णन करितांना, त्याचें पाणी कोणास भरतां येतें, हा प्रश्न गेडीसांच्या विवेचनाच्या मध्यावर कोठेंच येत नाहीं. ते मुंबई सोडून गेल्यानंतर तीनच वर्षांनीं, २० मार्च १९२७ रोजीं, डॉ. आंबेडकरांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, आणि त्यासाठीं मारहाण झाली, खटले झाले, हायकोर्टाचा निकाल लागावयास दहा वर्षें गेलीं. तें तळें गेडीसांनीं पाहिलें असतें तर त्याच्या घाटांचें, झाडांचें, थंडाव्याचें वर्णन त्यांनीं सुरेख केलें असतें. जुन्या शहराची वीण नैसर्गिक आहे, आळी म्हणजे एका जिवंत शरीराचा अवयव आहे, ही त्यांची भूमिका. तींत गांवकुसाबाहेरची वस्ती हाही 'अवयव'च ठरतो आणि प्रश्न तेथेंच झांकला जातो. इंदूरच्या मिरवणुकींत सफाई करणारांस त्यांनीं पुढें घातलें, हें त्यांच्या अंतःकरणाचें द्योतक आहे खरें. मिरवणूक एक दिवसाची, वस्तीची जागा पिढ्यान् पिढ्यांची. राखणारी शस्त्रक्रिया म्हणतांना काय राखावयाचें आणि काय कापावयाचें, याचा निवाडा केवळ डोळ्यास जें रम्य दिसतें त्यावरून करतां येत नाहीं. ग्रंथसंपादनांतही प्राचीन पाठ तेवढा ग्राह्य असतो, प्राचीन अन्याय नव्हे. आणि हा भेद आपल्यापैकीं कित्येक जुन्या गोष्टींच्या अभिमान्यांस अद्यापि उमगलेला नाहीं.

वारशाविषयीं थोडें. विश्वविद्यालयांत गेडीसांच्या जागीं १९२४ त डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये आले. मालवणचा हा संस्कृतज्ञ तरुण गेडीसांच्याच शिफारशीनें विलायतेस गेला होता. घुर्ये यांची विद्वत्ता वादातीत; परंतु त्यांचा ओढा ग्रंथाकडे आणि मानववंशशास्त्राकडे. विद्यार्थ्यांस घेऊन आळ्या फिरण्याची गेडीसांची रीत त्या विभागाचा मुख्य प्रवाह झाली नाहीं. दुसरीकडे सरकारी खात्यांत 'पाहणी' हा शब्द टिकला, पण त्याचा अर्थ आटला. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यांत विकास आराखड्यापूर्वीं पाहणी करून जमिनीच्या सध्यांच्या वापराचा नकाशा करावा, असें कलम आहे. घरें एका रंगांत, दुकानें दुसऱ्या, कारखाने तिसऱ्या. गेडीसांच्या 'निदाना'चें असें हें रंगपेटींत रूपांतर झालें. वाडा कोणाचा, बारव कोणत्या शतकांतली, पेठेचें मूळ नांव काय, यांस त्या नकाशांत रंग नाहीं. १९६५ त महाराष्ट्र सरकारनें मुंबई इलाख्यांतील सहा शहरांवरचे गेडीसांचे वृत्तांत पुनः छापले आणि पुढच्याच वर्षीं हा कायदा झाला. छापणारांनीं तरी ते वाचले होते कीं नाहीं, असा प्रश्न मनांत येतो.

आमच्या जिल्ह्यापुरतें पहावयाचें तर सिंदखेडराजाचें उदाहरण घ्यावें. जिजाबाईंचें जन्मस्थान म्हणून त्यास सर्व महाराष्ट्र ओळखतो. परंतु नगर म्हणून त्याकडे कोणी पाहिलें आहे काय? मोती तलाव, पाण्याच्या मध्यें इमारत असलेला चांदणी तलाव, पुतळा बारव, सजना बारव, जाधवरावांचा वाडा व अपुरा राहिलेला काळा कोट, नीलकंठेश्वर व रामेश्वर हीं देवालयें, आणि लखुजी जाधवरावांची भव्य समाधि. इ. स. १६२९ त देवगिरीच्या किल्ल्यांत निजामशाहाच्या दरबारीं लखुजींचा मुलांसह घात झाला. प्रत्येक वास्तूचें वर्णन निरनिराळें उपलब्ध आहे. नेल्सनच्या १९१० च्या जिल्हा गॅझेटियरापासून आजच्या प्रवासपुस्तिकांपर्यंत. नाहीं तें एवढेंच कीं पाणी कोठून येऊन कोठें जाई, तलाव भरल्यावर सांडवा कोणत्या शेतांत उतरे, बारवा कोणत्या वस्त्यांच्या होत्या, वाड्यापासून कोटापर्यंतची वाट कोणत्या पेठेंतून जाई, यांचा एकत्र विचार. हा विचार म्हणजेच गेडीसांची पाहणी, आणि आपण ती गेडीसांहून अधिक चांगली करूं शकतों. कारण वतनाचे कागद, देशमुखीचे तंटे, इनामपत्रें आपणांस वाचतां येतात. पाण्याच्या वाट्याचा एखादा निवाडाच त्यांत मिळाला, तर गेडीसांनीं न विचारलेल्या प्रश्नाचेंही उत्तर मिळेल.

ही पाहणी तांतडीची कां, हें २०२४ त दिसून आलें. लखुजींच्या समाधीच्या डागडुजीचें काम पुरातत्त्व खात्यानें चालविलें असतां समोर कांहीं घडीव दगड लागले. खणल्यावर शिवालयाचा पाया निघाला. आणि आणखी खालीं, सुमारें सव्वादोन मीटरांवर, शेषशायी विष्णूची पावणेदोन मीटरांच्या आंतबाहेर लांबीची मूर्ति मिळाली. लक्ष्मी पाय चेपीत आहे, पीठावर समुद्रमंथनाचा देखावा आहे. दगड आपल्याकडचा काळा फत्तर नव्हे, शिस्ट जातीचा आहे. म्हणजे ज्यास आपण जाधवरावांचें सिंदखेड म्हणतों त्याच्या खालीं त्याहून कित्येक शतकें जुनें सिंदखेड आहे; खरडून पुन्हा लिहिलेल्या भूर्जपत्रावर खालचीं अक्षरें दिसावीं तसें. ही मूर्ति सांपडली कारण तेथें जाणत्या माणसांच्या देखरेखीखालीं कुदळ चालली होती. इतर ठिकाणीं कुदळ कोणाच्या देखरेखीखालीं चालते?

आणि ती चालणारच आहे. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग आमच्या मेहकर व सिंदखेडराजा या तालुक्यांतून गेला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर १९२२ नव्हे, २०२२ त खुला झाला, हें आमच्यासारख्या जुन्या शतकांत वावरणाऱ्यांस स्वतःस बजावावें लागतें. मार्गालगत याच दोन तालुक्यांत कृषि समृद्धि नगरें वसविण्याची योजनाही पुढें आलेली आहे. नव्या नगरास विरोध करण्याचें कारण नाहीं. खामगांवचा कापसाचा बाजार १८७० त लोहमार्ग आल्यावर असाच वाढला, आणि बुलढाणा शहर तरी जिल्ह्याचें ठाणें म्हणूनच वाढीस लागलें. परंतु ज्या शिवारांत नवें नगर उठावयाचें तेथील ओढे, पांढऱ्या टेकाडांच्या जागा, रिठावर गेलेलीं गांवें यांची यादी आधीं झाली पाहिजे. 'पांढर' या शब्दाचा अर्थ गांवची कोणतीही म्हातारी सांगेल. आराखडा करणाऱ्या कचेरींत तो ठाऊक असेलच असें नाहीं.

खेड्यांसंबंधानें एक संधि मात्र चालून आली आहे. बहुतेक लहान गांवांच्या जुन्या नकाशांत शेतांस नंबर असत आणि गांवठाण कोरें सोडलेलें असे. २०२० पासून 'स्वामित्व' योजनेखालीं गांवठाणांचीं चित्रें आकाशांतून ड्रोननें घेतलीं जाऊन घरनिहाय नकाशे तयार होऊं लागले. गेडीसांस असा नकाशा मिळता तर त्यांनीं तो डोक्यावर घेऊन नाचविला असता. त्यांत छपरें व भिंती येतात. बोळांचीं नांवें येत नाहींत. झाडींत तोंड लपलेली बारव येत नाहीं. चावडीच्या पायरीस लावलेला वीरगळही येत नाहीं. तेव्हां ज्या वाचकाच्या गांवीं हा नकाशा आला असेल त्यानें ग्रामपंचायतींतून त्याची एक प्रत मागून घ्यावी, गांवांतल्या वयोवृद्ध स्त्री-पुरुषांस बरोबर घेऊन ती प्रत हातांत धरून फिरावें, गांवकुसाबाहेरच्या वस्तींतूनही फिरावें, आणि जेथें जें सांगितलें जाईल तें तेथेंच शिसपेन्सिलीनें लिहावें. शाई वापरूं नये. दुसरा म्हातारा बहुधा वेगळें सांगतो.